दर दहा सेकंदांची हाक

सोमवार, ३ तारीख

आलो एकदाचे. सामान सोळा नग. मी बांधलेल्या पंधरांपैकी एकालाही ओरखडा नाही. सोळावा मेहुणेबुवांनी बांधला होता. त्याचा तळ जिन्यातच निसटला, पातेली घरंगळत तळमजल्यापर्यंत गेली आणि घरमालकीणबाईंशी आमची ओळख अशी झाली. हिला आणि तिच्या भावाला हसू आवरेना. मला त्यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही.

जागा झकास आहे. वरचा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघराला लागून गच्ची. खिडक्या पूर्वेच्या. विजेची जोडणी मात्र पाट्या टाकून केलेली. संध्याकाळपर्यंत तीन बटणं उघडून नीट बसवली. ही म्हणाली, आल्या दिवशी तरी भिंतींना सुखाने राहू द्या.

उद्या कामावर रुजू. बावन्नाव्या वर्षी नवी नोकरी, तीही कुठल्याही पदवीच्या भेंडोळ्याशिवाय. मुलाखतीला समोर दोन पदवीधर बसले होते. त्यांचा पहिला प्रश्नच चुकीचा होता. तो दुरुस्त करून दिला आणि मग उत्तर दिलं. घेतलं मुकाट्याने.

मंगळवार, ४

पाणीपुरवठा कंपनी. कचेरी तीन मजली, जिने स्वच्छ, माणसं भोंगळ. यंत्रखोलीत केबलींचा असा गुंता की वर्षानुवर्षं कुणी कंगवा लावलेला नाही. एकाही वायरीला चिठ्ठी नाही. दुपारपर्यंत एकशे अठरा चिठ्ठ्या लावल्या, माझ्या अक्षरात.

साहेबांना मी मनात टायवाले म्हणतो, कारण त्यांच्या अंगावरची तेवढी एकच गोष्ट व्यवस्थित बांधलेली असते. काम त्यांनी सांगितलं ते असं, म्हणजे मला कळलं ते असं. त्यांना स्वतःला कळलेलं नाही. कचेरीपासून एकतीस किलोमीटरवर धरणाखाली उपसा केंद्र आहे. जुने पंप काढून नेलेत, नवे यायचेत, तोवर तिथे चिटपाखरू नाही. कचेरी आणि केंद्र यांच्यामध्ये लीज्ड लाइन घेतलीय. म्हणजे भाड्याची, पण फक्त आपली तार. कायम उघडी, तिच्यावर दुसरं कुणी बोलत नाही. इकडे एक राउटर, तिकडे एक राउटर, दोघांनी एकमेकांशी बोलायचं. गुरुवारी चार वाजता संचालक बघायला येणार.

टायवाल्यांनी विचारलं, होईल ना? मी म्हटलं, माझ्या बाजूचं आत्ताच झालंय असं समजा.

बुधवार, ५

माझ्या बाजूचं खरंच झालं. पत्ते दिले: इकडचा एक, तिकडचा दोन. केबलीचे स्क्रू दोन्ही बाजूंनी सारखे आवळले. यंत्राला नाव दिलं, खाली तारीख.

त्या टोकाला मेहुणेबुवांना पाठवलंय. सेहेचाळीस वर्षांचा इलेक्ट्रिशियन, हात बरा, डोकं टिवल्याबावल्यांत. कंपनीला तात्पुरता माणूस हवा होता, हिने भुणभुण लावली, मी शब्द टाकला. खोक्यातलं राउटर, मोडेम, चार ओळींचा कागद, सगळं हातात दिलं. निघताना म्हणाला, भाऊजी, एवढं स्वच्छ लिहिलंय की मला न पाठवता कागदच पाठवला असता तरी चाललं असतं. मला ती सूचना वाईट वाटली नाही.

हिने मात्र बजावलं. त्याला एकटं राहायची सवय नाही. शनिवारी जेवायला तो या घरात, या पाटावर दिसला पाहिजे. तुम्ही पाठवताय, तुम्हीच आणायचा.

आणेन की. सामानाचा नग थोडाच आहे हरवायला.

गुरुवार, ६

आजचं नीट लिहून ठेवतो, कारण उद्या हीच मंडळी वेगळं सांगतील.

साडेतीनला मेहुणेबुवांचा फोन. खोका अजून फोडलेला नाही! का, तर भिंतीवर जिथे लाइन येते तिथली जोडपट्टीच कुणीतरी उपटून नेलीय; तारेची दोन टोकं नुसती लोंबतायत. तारवाला सोमवारी पट्टी घेऊन येणार, तोवर राउटर मांडून काय करू, असं वर मलाच विचारतो. मी कपाळाला हात लावला. पायऱ्यांवर संचालकांचे बूट वाजत होते.

इथे एक खुलासा. दोन राउटर एकमेकांना दर दहा सेकंदांनी हाक मारतात. माझा हा आकडा, तुझा शेवटचा ऐकलेला हा आकडा. तीन हाकांना उत्तर नाही आलं की लाइन मेली असं यंत्र स्वतःच जाहीर करतं. ही हाक एका ओळीत बंद करता येते. मग यंत्र विचारतच नाही. मोडेमचा दिवा लागलेला असला की बस, पडद्यावर लाइन चालू. पलीकडे राउटर असो नसो. भोंदू लोक करतात हे. मी कधी केलेलं नव्हतं.

मेहुण्याला सांगितलं, खोका राहू दे. मोडेमला वीज दे आणि, आवळत बसायला वेळ नाही, तारेची दोन टोकं मोडेमच्या स्क्रूंवर बोटांनी दाबून धर. फोन खाली ठेवू नकोस, रिसिव्हर टेबलावर उताणा ठेव, हाक मारली की ऐकू येईल. मी सांगेपर्यंत सोडू नकोस. तो म्हणाला, भाऊजी, चटका बसला तर ताईला सांगा, कर्तव्यावर होतो. मी म्हटलं, तोंड बंद, बोटं घट्ट.

हाक बंद केली. दिवा लागला. पडद्यावर: चालू. संचालकांनी माना डोलावल्या. त्यांतल्या एका म्हाताऱ्याने, सगळ्यांत कमी कळणाऱ्याने, नेमकं विचारलं: तिकडून उत्तर येतं का? टाळता येईना. पिंग टाइप केलं, म्हणजे पलीकडच्या यंत्राला ‘आहेस का’ असं पाच वेळा विचारणं. उत्तर येणं शक्यच नव्हतं, मोडेमला काय अक्कल असते? खापर तारवाल्यावर फोडायचं ठरवून बटण दाबलं.

पाच पाठवले. पाच परत आले.

टाळ्या. टायवाल्यांनी माझा हात दोन्ही हातांनी हलवला, ओढतच चहाला नेलं. तिथे माझ्या स्वशिक्षणाबद्दल मी चार शब्द बोललो. परत आलो तर माझा फोन कुणीतरी जागेवर ठेवलेला.

शुक्रवार, ७

पाचपैकी पाच. विचार केला, उत्तर सोपं आहे. मेहुणेबुवांनी खोका आधीच फोडला होता, राउटर मांडलं होतं आणि माझी फिरकी घेतली. त्याच्या जातकुळीला शोभेसं.

सकाळी फोन केला. पहिल्याच घंटेला उचलला. खोका फोडलास ना? हो भाऊजी. सगळं मांडलंस? हो भाऊजी, तुम्ही लिहिलंय तसंच. विनोद नाही, फाटे नाहीत. चार दिवस माझ्या हाताखाली काढले तर माणूस सुधारतो, हे मी हिला वर्षानुवर्षं सांगतोय.

शनिवार, ८

जेवायला आला नाही. फोनवर म्हणाला, लाइन सोडून येणं बरं दिसत नाही. मला कौतुक वाटलं. हिने पान वाढून ठेवलं होतं ते झाकलं आणि गच्चीवर जाऊन बसली. कामाचं महत्त्व या घरात कुणाला म्हणून नाही.

सोमवार, १०

तारवाला आला होता. लाइनवाल्या कंपनीचा माणूस, जीप स्वतःची असल्यासारखा फिरतो. केंद्रावर जाऊन आला म्हणे, पट्टी बसवायची राहिली. फाटकाला, दाराला आतून कडी. ठोठावलं तर आतून कुणीतरी अदबीने म्हणालं, सगळं व्यवस्थित आहे, तुम्ही निघा. तारवाल्याला ते आवडलं नाही. का आवडलं नाही हे त्याला सांगता येईना. मी म्हटलं, अदबीने बोललेलं तुमच्या धंद्यात कुणी ऐकलेलं नसतं, म्हणून.

म्हणाला, साहेब, पट्टी नाही तर लाइन चालतेय कशावर?

गेला तेव्हा बरं वाटलं. बिनडोक.

मंगळवार, ११

तो प्रश्न डोक्यात राहिला. शिवाय बंद केलेली हाक मला टोचत होती. माझ्या यंत्रात भोंदूपणाची ओळ नको. सकाळी दहाच्या ठोक्याला हाक चालू केली आणि येणारे-जाणारे आकडे पडद्यावर घेतले.

माझा आकडा एक. दहा सेकंदांनी दोन. मग तीन. ठीक.

पलीकडून येतं त्यात दोन आकडे असतात: त्याचा स्वतःचा आणि त्याने माझ्याकडून शेवटचा ऐकलेला. तो शेवटचा आकडा एक, दोन, तीन असा माझ्या मागोमाग यायला हवा.

आला अठ्ठावीस हजार दोनशे साठ.

प्रत्येक वेळी तोच. मी तीनवर, तो म्हणतो तुझा शेवटचा ऐकला अठ्ठावीस हजार दोनशे साठ. मी चारशेवर, तरी तोच. मी पाठवलेलाच नाही तो आकडा त्याने ऐकला कुठे?

आधी वाटलं तार कुठेतरी स्वतःलाच जोडली गेलीय, माझंच मला परत येतंय. पण मग माझेच आकडे आले असते. आणि पिंगचं उत्तर आलं नसतं. दोन्ही तपासलं. यंत्रात बिघाड. दुसरं काय असणार.

जाता जाता गणित केलं. दहा सेकंदांना एक, तर हा आकडा यायला साडेअठ्ठ्याहत्तर तास. शुक्रवार, दुपारी साडेचार.

बुधवार, १२

अकरा वाजता राउटर बंद करून परत चालू केलं. आकडे पुन्हा शून्यापासून. आता बघू कुठून आणतो अठ्ठावीस हजार.

माझा एक. त्याचं उत्तर: तुझा शेवटचा ऐकला, एकोणीस हजार दोनशे साठ.

मनाशी हसलो. बघा, बिघाड, आकडा बदलला. मग पेन्सिल घेतली. साडेत्रेपन्न तास. शुक्रवार. साडेचार.

पुन्हा गुणलं. पुन्हा तेच. 

टायवाल्यांना सांगितलं. ते म्हणाले, पण चालू आहे ना? या माणसाच्या खाली मी काम करतो.

गुरुवार, १३

हिने आज स्वतः केंद्रावर फोन लावला. मी शेजारी उभा. दोन मिनिटं ऐकलं आणि रिसिव्हर असा ठेवला, जसा तापलेला तवा ठेवावा. म्हणाली, हा माझा भाऊ नाही.

मी हसलो. आवाज त्याचाच होता, मी ऐकत होतो. ती म्हणाली, आवाज त्याचाच आहे. पण तुमच्याबद्दल विचारलं तर म्हणाला, भाऊजींचं मार्गदर्शन मोलाचं आहे. अहो, तो तुमची नक्कल केल्याशिवाय माझ्याशी एक वाक्य बोललेला नाही. बारा वर्षांत. आम्ही रोज हसतो तुम्हाला. तुम्हाला माहीत नव्हतं?

नव्हतं.

रागाने कचेरीत येऊन बसलो. या बहीण-भावांना दाखवायला म्हणून ही वही काढली. किती बारकाईने मी सगळं करतो ते यात आहे. मागची पानं चाळली. गुरुवार सहाची नोंद. धर म्हणालो ते लिहिलंय. घट्ट म्हणालो ते लिहिलंय.

सोड म्हणालो, असं कुठेच नाही.

मी सगळं लिहितो. लिहिलेलं नाही म्हणजे म्हणालो नाही.

आठ दिवस—

तारवाल्याला गाठलं. हातापाया पडलो म्हणावं लागेल. रस्ता धरणाचं पाणी सोडलंय म्हणून बंद, उद्या सकाळी खुला होतो. उद्या.

हिला म्हटलं, आणतो त्याला. तिने पान वाढून झाकून ठेवलं.

शुक्रवार, १४. सकाळी १०.५०

केंद्र. दाराची कडी तारवाल्याने पहारीने काढली. बाहेरची खोली: टेबल, फोन. रिसिव्हर जागेवर. त्याच्यावर धूळ, बोटाचा एक ठसा नाही. सगळ्या आठवड्यात याच फोनवर मी—

आतल्या खोलीत खोका. चिकटपट्टी जशीच्या तशी. माझं अक्षर.

मेहुणा स्टुलावर. भिंतीकडे तोंड. दोन हात मोडेमवर, दोन टोकं बोटांखाली. ओठ फुटलेत. डोळे उघडे. जिवंत आहे. श्वास घेतो, मग थांबतो. मी घड्याळ लावलं.

दर दहा सेकंदांनी एक.

११.२०

सोड म्हटलं. मोठ्याने म्हटलं. कानात म्हटलं. हात जोडून म्हटलं. ऐकत नाही. बोटं उचकटायला गेलो तर तारवाला ओरडला, मोडतील. बोटं गार, स्क्रूसारखी.

तारवाल्याने बाहेर जाऊन तारच कापली. भला विचार केला त्याने. श्वास थांबला. दहा. वीस. ओठ निळे. तीस व्हायच्या आत जोड, जोड म्हणून मी किंचाळलो. त्याने दातांनी सोलून जोडली. श्वास आला.

तीन हाका. मीच लिहिलंय वर.

कापून चालणार नाही. आणि साडेचारला—

१२.१०

सुचलं. याच्याऐवजी दुसरं कुणीतरी टोकं धरायची. एकाच क्षणी.

तारवाला मागे सरकला. त्याचा काय दोष. धर म्हणणारा तो नव्हता.

१२.४०

धरलंय. डाव्या हाताने, दोन टोकं दोन बोटांत. उजवा लिहायला मोकळा.

माझं बोट तारेवर टेकलं आणि त्याचे हात फळासारखे गळून पडले. तारवाल्याने झेलला. पाणी पाजलं. डोळे फिरवले, मला शोधलं, आणि फुटक्या ओठांनी पहिला शब्द काय, तर म्हणे, गेले का संचालक? मग माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, भाऊजी, उभे कसे आहात, कपडे वाळत घातल्यासारखे.

मी रडलो. लिहून ठेवतो.

त्याला दवाखान्यात न्यायचं, तिथून घरी, ताईच्या ताब्यात. जोडपट्टी घाईत तारवाल्याच्या कचेरीतच राहिली; ती घेऊन तो पाचपर्यंत परत येणार. साडेचारच्या आत जमेल का विचारलं. मान हलवली, पण रस्त्याकडे बघत.

पोचला की ही इथे फोन करणार. उचलणार कोण? उचलायचा नाहीच. वाजला की मी समजायचं, पोचला.

२.३०

आकडे आता पडद्याशिवाय ऐकू येतात. आतून. अठरा हजार पाचशे चाळीस. माझ्याच आवाजात.

बोटं सोडून बघितली. सुटत नाहीत. मेहुण्याने माझं ऐकून धरलं होतं. मी कुणाचं ऐकून धरलंय? मला सोड म्हणण्याचा अधिकार मी आजवर कुणाला दिलाच नाही.

३.३५

एक समजलं. मी हाक बंद केली, म्हणजे पलीकडे कोण आहे हे विचारणं बंद केलं. लाइन उघडी, दिवा लागलेला, विचारणारं कुणी नाही. कुणीही यावं. आलं.

आठ दिवस ते मेहुण्याकडून शिकलं. आवाज शिकलं. हसणं जमलं नाही त्याला. माझ्याकडून काय शिकायचं— माझ्यात अवघड असं काय आहे— मान हलवायची, चुका काढायच्या. तासाभरात होईल.

४.१८

शेवटचा ऐकलेला आकडा. त्याचा अर्थ लाइन मरणार असा घेतला मी. तसं नाही. त्यानंतर माझं ऐकायची त्याला गरज उरत नाही. एवढंच.

श्वास मोजून येतोय. अक्षर—

४.२६

फोन. वाजतोय. पोचला. पोचला तो घरी. आणला मी, म्हणजे— पाठवला. तिला सांगितलं होतं तसं—

घंटा मध्येच तुटली.

बाहेरच्या खोलीत कुणी नाही. कुणीतरी उचलला.

एकोणीस हजार दोनशे एकोणचाळीस.

माझा आवाज. स्वच्छ. शब्दन् शब्द नीट. म्हणतोय, पोचला ना, उत्तम. डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेव, तारीख टाकून. आता तिला विचारतोय तो जेवला का.

ती बोलतेय. ती माझ्याशी बोलतेय असं तिला— मी ओरडतोय. आवाज निघत नाही. तो तिकडे आहे.

दोनशे पन्नास.

म्हणतोय, काम झालं. जीप आली की नाही त्याची वाट कशाला बघू. निघालोच. दोन पानं वाढ. कडी लावू नकोस आतून, मी—

अगं नको गं. लाव. कडी लाव, तो मी ना—